त्रेसष्ट घोड्यांना आठ हजार, शंभर घोड्यांना दोन हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या आपल्या वाहन पुरवणीत एका वाचकानं विचारलं होतं, की घाटात दमानं चढेल आणि विम्याला जड जाणार नाही अशी गाडी कोणती? उत्तर देणाऱ्यांनी एका ओळीत विषय मिटवला. म्हणे, गाडीत जोर हवा तर विमा महाग पडणारच. ते वाचलं आणि माझा चहा गार झाला. गेल्या वर्षी याच प्रश्नापायी मी तीन महिने साताऱ्यातली शोरूमं आणि विमा एजंटांचे जिने झिजवले आहेत. मला मिळालेलं उत्तर नेमकं उलट निघालं, आणि त्या उलट उत्तरातूनच एक तक्रार तयार झाली. ती कुणा कंपनीची नाही, हिशेबाच्या पद्धतीची आहे. पत्र लांबलं तर कापा, पण आकडे कापू नका.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३३ वर्षं इंजिनं उघडली. विम्याचं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं कारणही एसटीच. मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमात सरकारी परिवहन उपक्रमांना बाहेरच्या विम्यातून सूट मिळते, त्यांनी स्वतःचा निधी ठेवून भरपाई द्यायची असते. त्यामुळे आमच्या लाल गाडीचा विमा कधी संपतो, हा प्रश्न आगारात कुणाच्या डोक्यातच आला नाही. घरची वॅगन आर होती, २०१२ची. तिचं नूतनीकरण दरवर्षी एजंट सांगेल त्या आकड्याला व्हायचं. मी सही करायचो.

मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे. दर शुक्रवारी रात्री साताऱ्याला येते. पुण्याहून येताना खंबाटकी चढावा लागतो, पुढे दोन कंटेनर एकमेकांना ओव्हरटेक करत असतात, आणि आमची ६८ हॉर्सपॉवरची वॅगन आर दुसऱ्या गिअरवर रडते. "बाबा, मला पिकअपवाली गाडी हवी," एवढंच तिचं मागणं. मी म्हणालो, पिकअप घे, पण पेट्रोल तुझं आणि विमा तुझा. तिनं लगेच मोबाइलवर मोठ्या इंजिनाच्या एका गाडीच्या विम्याचा आकडा काढून दाखवला आणि गप्प बसली. तिथून माझे तीन महिने सुरू झाले.

आता मुद्द्याचं. विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्यानं सक्तीचा, आणि याचा दर सरकार ठरवतं. कंपनी कुठलीही घ्या, रुपया इकडचा तिकडं होत नाही. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला कागदावर ओडी म्हणतात. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले आहेत, कंपनी वाटेल ते लावू शकते. घासाघीस करायची ती इथंच.

थर्ड पार्टीचा दर १ जून २०२२ पासून असा आहे. खासगी गाडी १००० सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये. हजाराच्या वर ते दीड हजारापर्यंत ३,४१६. दीड हजाराच्या वर ७,८९७. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून. तो अनुक्रमे ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६. वर १८ टक्के जीएसटी.

बघा, यात 'ताकद' हा शब्द कुठंच नाही. सीसी म्हणजे सिलिंडरचं घनफळ. पातेलं केवढं आहे ते, त्यात शिजतं किती ते नव्हे. जुन्या काळी दोन्ही एकच होतं, मोठं पातेलं तर भात जास्त. टर्बो आला आणि हा हिशेब मोडला. साध्या इंजिनात हवा आपल्या आपण आत ओढली जाते. टर्बोमध्ये धुराड्यातून बाहेर पडणारा वायूच एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा दाबून आत कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा धक्का. एसटीच्या डिझेल इंजिनांवरचे टर्बो मी हातानं उतरवलेत आणि बसवलेत, त्यामुळे यात मला नवल नव्हतं. नवल एवढंच, की हीच वस्तू आता हजार सीसीच्या आतल्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत सर्रास बसते.

आमची वॅगन आर ९९८ सीसी, ६८ हॉर्सपॉवर. ह्युंदाई आय ट्वेंटी एन लाइनसुद्धा ९९८ सीसीच, पण १२० हॉर्सपॉवर. फोक्सवॅगन व्हर्टसचं लहान इंजिन ९९९ सीसी, ११५. मारुती फ्राँक्सचं टर्बो ९९८ सीसी, १००. निसान मॅग्नाइटचं टर्बो ९९९ सीसी, १००. या सगळ्यांचा थर्ड पार्टी हप्ता आमच्या वॅगन आरएवढाच, २,०९४. एक पायरी वर गेलात तर महिंद्रा एक्सयूव्ही थ्री एक्सओच्या ११९७ सीसीच्या इंजिनात १३१ पर्यंत मिळतात आणि ह्युंदाई व्हर्नाच्या १४८२ सीसीच्या टर्बोत १६०. त्यांना ३,४१६. उलट इनोव्हा क्रिस्टाचं २३९३ सीसीचं डिझेल १५० हॉर्सपॉवर देतं आणि तिला ७,८९७. म्हणजे व्हर्ना दहा घोडे जास्त घेऊन निम्म्याहून कमी पैशात सुटते.

या सीसीच्या आकड्यांकडं पाहिलं की मला बाटाच्या चपलांच्या किमती आठवतात. ९९८, ९९९, ११९७, ११९९, १४९८. सगळे रेषेच्या एक-दोन पावलं अलीकडं थांबलेले. कारण करही अशाच रेषांवर कापला जातो. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी 'लहान' ठरली, तेव्हापासून इंजिनं सरकारी फूटपट्टीच्या मापानं बेतली जातात. इंजिनिअरला दोष नाही. तो ग्राहकाचेच पैसे वाचवतोय.

तर त्या वाचकाला माझं उत्तर : हजार सीसीच्या आतलं टर्बो घ्या, आणि फारच खाज असेल तर दीड हजाराच्या आतलं. मी कोणती घेतली ते लिहीत नाही, जाहिरात नको. हजाराच्या आतली आणि शंभर हॉर्सपॉवरची आहे एवढं पुरे. (टर्बो गाडी घेणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला : घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नका. अर्धा मिनिट इंजिन नुसतं चालू राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहतं. एसटीतही ड्रायव्हरला हे सांगून सांगून आमचा घसा बसायचा.)

पण थर्ड पार्टीत वाचलेले पैसे ओडीत घालवणारे लोक मी पाहिलेत, आणि मीही थोडक्यात वाचलो. शोरूममधल्या मुलानं गाडीच्या किमतीबरोबरच विम्याचा आकडा पुढं केला, सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणालो, माझ्याकडं एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, आहे पन्नास टक्के. पाच वर्षं सलग एकही क्लेम घेतला नाही की ओडीच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पहिल्या वर्षी वीस, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास. तो हसला. "काका, तो बोनस जुन्या गाडीचा. नव्या गाडीला कसा लागणार?"

संपादक महाराज, हे धडधडीत खोटं आहे, आणि दिवसातून किती जणांना सांगितलं जात असेल कोण जाणे. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकलीत की विक्रीचा कागद दाखवून जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. मी वॅगन आर विकून आठ दिवसांत पत्र आणलं. दुसऱ्या कंपनीकडं गेलो. तिनं मूळ ओडीच कमी सांगितली, वर एनसीबीनं ती निम्मी झाली. झिरो डेप (म्हणजे भरपाईत सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत ते) घेतलं, इंजिन संरक्षण घेतलं, आणि तीन वर्षांच्या थर्ड पार्टीसकट, जीएसटीसकट पंचवीस हजारांच्या आत बसलो. शोरूमचाच विमा घेतला पाहिजे अशी सक्ती कुणीही करू शकत नाही. तो मुलगा नंतर गाडीचा ताबा देताना माझ्याकडं बघत नव्हता.

मात्र एक गोष्ट झाली. एनसीबी माझ्या नावावर, त्यामुळे गाडीही माझ्या नावावर घ्यावी लागली. मुलीला तो देता येत नाही. मालक वारला तरच तो जोडीदाराला किंवा मुलांना मिळू शकतो. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा बायकोनं आमटीची पळी हवेतच धरली. मुलगी म्हणाली, "राहू दे बाबा, तुमच्याच नावावर राहू दे."

साताऱ्याच्या पासिंगचाही थोडा फायदा आहे. विम्याच्या जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे आणि आणखी सहा मोठी शहरं एका विभागात आणि बाकी सगळा देश दुसऱ्यात, आणि दुसऱ्याचा दर किंचित कमी. कंपन्या अजून तीच विभागणी वापरतात. फरक हजारभर रुपयांचा, तोही सूट धरण्याआधीचा. त्यासाठी पुण्यात राहून गावचा पत्ता लावायच्या भानगडीत पडू नका. आमचं घर खरोखर साताऱ्यात आहे.

आयडीव्हीचं मात्र नीट ऐका. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देणार, तो आकडा म्हणजे आयडीव्ही. ओडीचा हप्ता त्यावरच निघतो. म्हणून एकाच इंजिनाची साधी गाडी घेतलीत तर विमा कमी आणि सनरूफवाली घेतलीत तर जास्त, जोर तोच. काही एजंट 'सर्वात स्वस्त' म्हणून जो कागद दाखवतात, त्यात आयडीव्ही गुपचूप लाखानं खाली आणलेली असते. त्यांनी विमा स्वस्त केलेला नसतो, तुमची गाडी स्वस्त केलेली असते. दोन कागद शेजारी ठेवा आणि आधी आयडीव्हीची ओळ बघा, मग हप्त्याची.

इंजिन संरक्षण घेतलं ते चिपळूणमुळे. जुलै २०२१च्या पुरानंतर तिकडच्या एका नातेवाइकाची गाडी पाण्यातून काढली आणि त्यानं सवयीनं सेल मारला. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या विम्यात हे बसत नाही असं कंपनीनं सांगितलं. नदीकाठी राहणाऱ्यांनी हे जोडून घ्यावं, आणि घेतलं तरी भिजलेल्या गाडीला सेल मारू नये.

मुलीच्या ऑफिसातला एक जण लॅपटॉप लावून इंजिनाचा प्रोग्राम बदलून घेतो, शंभराचे एकशेतीस करतो आणि विमा कंपनीला कळवत नाही. सगळ्यात स्वस्त जोर म्हणून त्यानं तिलाही सुचवलं. मोठा अपघात झाल्यावर सर्वेअरला ते दिसलं तर दावा अडू शकतो. मी तिला सांगितलं, त्याच्या गाडीत बसूसुद्धा नकोस.

इथपर्यंत मी खूश होतो. मग दिवाळीत साडू आले.

ते पाटण तालुक्यातले. त्यांच्याकडं २०१३ची बोलेरो आहे, पांढऱ्या पाटीची, खासगी. इंजिन २५२३ सीसी, हॉर्सपॉवर ६३. कुंभार्ली घाटात ती माझ्या जुन्या वॅगन आरपेक्षा हळू चढते, हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही. वर्षाला फिरते किती? आठवडी बाजार, दवाखाना, एखादं लग्न. जुनी म्हणून फक्त थर्ड पार्टी काढतात. माझी पॉलिसी त्यांनी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुमच्या गाडीत घोडे किती?" म्हटलं, शंभर. "मग तुम्हाला वर्षाचे दोन हजार आणि मला आठ हजार कसे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या त्रेसष्ट घोड्यांना ७,८९७, माझ्या शंभरांना २,०९४. पावणेचार पट! १६० हॉर्सपॉवरची व्हर्ना एक्स्प्रेसवेवर उडवणारा ३,४१६ भरतो, आणि बाजारात मेथी घेऊन येणारी बोलेरो त्याच्या दुपटीहून जास्त.

पुढच्याच महिन्यात विमा कंपनीतल्या एका अनुभवी साहेबांना गाठलं. ते म्हणाले, मोठं इंजिन म्हणजे मोठी, जड गाडी, धडकली तर समोरच्याचं नुकसान जास्त. बोलणं पटण्यासारखं आहे. बोलेरोची धडक खाणाऱ्याला तिचे घोडे मोजायला वेळ नसतो. पण मग वजनच मोजा ना. आरसी बुकावर गाडीचं रिकामं वजन छापलेलं असतं. आणि वजनाचाच मुद्दा असेल तर विजेच्या गाड्यांना वेगळी फूटपट्टी का, हे मी विचारलं तेव्हा साहेबांनी चहा मागवला.

कारण विजेच्या गाड्यांना सीसी नसतो. तिथं सरकारनं नाइलाजानं ताकदच मोजली. ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ६५ किलोवॉटपर्यंत २,९०४, त्यावर ६,७१२. पेट्रोलच्या तिन्ही दरांतून पंधरा टक्के वजा केले की हेच आकडे येतात, म्हणजे ही पर्यावरणासाठी दिलेली सवलत. आता माझी पेट्रोल गाडी यात बसवून बघा. शंभर हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४ किलोवॉट. तेवढ्याच ताकदीची विजेची गाडी घेतली असती तर सवलत धरून ६,७१२ भरले असते. धूर सोडणारी घेतली म्हणून २,०९४. टाटा टियागोची ५५ किलोवॉटची विजेची गाडी, ताकदीनं माझ्या तीन चतुर्थांश, तिलाही २,९०४. ही कसली सवलत?

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय व विमा नियामक या दोघांकडं आपल्या वृत्तपत्रातून पोहोचावी. सगळ्या खासगी गाड्यांना एकच माप लावा. ते किलोवॉट असो, वजन असो, की दोन्हींचा मेळ. नवीन माहिती गोळा करायला नको. आताच्या आरसी कार्डावर सीसीच्या शेजारीच हॉर्सपॉवर किंवा किलोवॉटचा आकडा असतो. विमा कंपनीनं नजर अर्धा इंच उजवीकडं सरकवायची आहे, बस्स.

यात माझं नुकसान आहे याची मला जाणीव आहे. विजेच्या गाड्यांच्या रेषा उद्या पेट्रोलला लावल्या तर माझी गाडी थेट वरच्या टप्प्यात जाईल आणि साडूंची मधल्या. मुलीनं हे पत्र टाइप करून दिलं, आणि या परिच्छेदापाशी थांबून म्हणाली, "बाबा, खरंच पाठवायचंय?" पाठवतोय. मात्र नियम बदलेपर्यंत मी २,०९४च्याच टप्प्यात राहणार, आणि आपल्या त्या वाचकालाही तेच करायला सांगतो.

साडूंची पॉलिसी येत्या चौदा तारखेला संपते. जीएसटी धरून ९,३१८ रुपये. कराडच्या कार्यालयात भरायला मीच त्यांना घेऊन जाणार आहे, माझ्या गाडीतून. बोलेरोची बॅटरी उतरली आहे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त एसटी यांत्रिक, सातारा
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)